उबदार की थंड? पार्ल्याच्या नव्या घरातला रंग ठरत नाहीये

अबोली | १६ जून, २२:४०

नमस्कार मंडळी,

चार वर्षं भाड्याच्या घरात काढून आईबाबा एकदाचे आपल्या जागी परत आले. विलेपार्ले पूर्वेला आमची जुनी इमारत होती, ती रिडेव्हलपमेंटला गेली आणि आता तिथेच चौथ्या मजल्यावर टू बीएचके मिळालाय. मार्चमध्ये ताबा मिळाला. बिल्डरने भिंतींना पांढरा डिस्टेंपर मारून दिलाय, पाठ टेकली की शर्टाला भुकटी लागते. त्यामुळे रंग काढायचा हे नक्की. कुठला, इथे गाडी अडलीय.

हॉलची मोठी खिडकी उत्तरेला. शेजारची इमारत जुनी, तीनच मजली, त्यामुळे आमच्या खिडकीतून खाली तिची गच्ची आणि वर आकाश दिसतं. बेडरूम पश्चिमेला, तिथे साडेतीननंतर उन्हाचा मारा. लादी बिल्डरचीच, हस्तिदंती आणि चकचकीत. फर्निचर जुनंच आणलंय: बाबांची सागवानी आरामखुर्ची, आईचं शोकेस.

आईला जुन्या घरासारखा पिस्ता हवाय, निदान आकाशी. बाबा म्हणतात, घरात शिरल्यावर ऊब वाटली पाहिजे. रंगारी म्हणतो, क्रीम घ्या, सगळे क्रीमच घेतात. शेडकार्डं चाळून चाळून मी दोन ऑफव्हाइटपर्यंत आलेय. एक सायीसारखा, एक चांदण्यासारखा. सायीचं कार्ड भिंतीवर धरलं की मळकट वाटतं. चांदण्याचं धरलं की आई म्हणते "छान आहे", बाबा म्हणतात "फार गार".

आई ७४, बाबा ७९. दोघं जवळजवळ सगळा दिवस याच भिंतींमध्ये असणार, मी शनिवार-रविवारी. म्हणून घाई करायची नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

खिडकीकाठी | १७ जून, ०९:१२

अबोली, मी ठाण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. शेडकार्डं दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी दिव्यांची खोकी बघा. बहुतेक ६५०० के लिहिलेलं असेल, त्यालाच आपण दुकानात 'पांढरा लाइट' म्हणतो. 'पिवळा लाइट' म्हणजे २७०० किंवा ३००० के. आकडा वाढतो तसा प्रकाश थंड होतो, हे ऐकायला उलटं वाटतं. पण लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, आणखी तापलं की पांढरं. तो आकडा त्या तापमानाचा, केल्व्हिनमध्ये. ६५०० च्या ट्यूबखाली सायीचा रंग उठत नाही, त्यातला पिवळेपणा विझून करडा-हिरवट होतो. तुम्हाला जो मळकटपणा दिसतोय त्यात रंगाचा दोष किती आणि ट्यूबचा किती, ते दिवा बदलल्याशिवाय कळणार नाही.

आता दिशा. 'उत्तरेची खोली असेल तर उबदार रंग घ्या' हा सल्ला तुम्हाला जिथे तिथे मिळेल. तो लिहिलाय युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी. तिथे उत्तरेच्या खिडकीत ऊन फारसं येत नाही. मुंबई १९ अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपला भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उगवतो-मावळतोही तो पूर्व-पश्चिमेच्या बराच उत्तरेला सरकून. म्हणजे मे महिन्यात तुमच्या हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येत असणार. पावसात ढग. आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मात्र फक्त आकाशाचा उजेड, जो निळसर असतो. एकाच खोलीत वर्षाला तीन प्रकारचा उजेड. त्यामुळे 'उत्तर म्हणजे उबदार' हे आपल्याकडे अर्धंच खरं.

तिसरी गोष्ट. खिडकीत उभ्या राहा आणि उजेड कशावर आपटून आत येतोय ते बघा. मुंबईत थेट आकाशाचा उजेड किती जणांच्या नशिबी असतो? समोरची भिंत, पत्रा, झाड, काचेचा टॉवर, यांच्यावरून उसळलेल्या उजेडातच आपण राहतो. समोर गुलमोहर असेल तर घरात हिरवी झाक येते, गेरूच्या रंगाची इमारत असेल तर गुलाबी. हे एकदा बघून इथे लिहा, मग पुढे बोलू.

---

गोरेगावकरीण | १७ जून, १३:३०

पश्चिमेच्या बेडरूमबद्दल अनुभवाचं सांगते. आम्ही पीच दिला होता. दुकानात सकाळी बघितला, घरीही सकाळीच बघितला, आवडला. संध्याकाळी पाच वाजता ती खोली अशी पेटायची की आत पाऊल टाकवत नसे. मावळतीचं ऊन मुळात नारिंगी, त्यात भिंत नारिंगी, आणि चारही भिंती एकमेकींवर तोच रंग टाकणार. ऑक्टोबरात तर मी पडदे लावून दिवा लावून बसायचे. दोन वर्षं काढली आणि मग राखाडीकडे झुकणारा फिका हिरवा दिला. डोळे निवले. आईंचा पिस्ता तुमच्या बेडरूमला शोभेल, फक्त फार पोपटी नको.

---

नवीन_सभासद_ठाकुर्ली | १७ जून, १४:०५

निळा-हिरवा लावल्याने खोलीचं तापमान खरंच कमी होतं का? आमच्याकडे पंखा लावूनही भाजतं.

---

खिडकीकाठी | १७ जून, १४:४०

नाही हो. आतल्या भिंतीचा रंग आकाशी केला म्हणून थर्मामीटरचा पारा उतरत नाही. डोळ्याला शांत वाटतं, आणि तेही कमी महत्त्वाचं नाही, पण तापमानाचं काम बाहेरून करावं लागतं. खिडकीवर छज्जा किंवा बाहेरून चटई, आणि वरचा मजला असेल तर गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा लेप. तिथे मात्र रंगाचा फरक हाताला कळतो. दुपारी पांढऱ्या गच्चीवर आणि काळ्या डांबराच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवून बघा.

---

मुगभाट | १८ जून, ०६:५०

धागा वाचून लहानपण आठवलं म्हणून लिहितो. आम्ही गिरगावात चाळीत. दिवाळीआधी घराला चुना. चुनकळी पिंपात भिजवली की ती फसफसून उकळायची, आम्हा मुलांना जवळ फिरकू देत नसत. दुसऱ्या दिवशी चुना गाळून त्यात डिंक, आणि मग नीळ. नीळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून पिंपात बुचकळायची. आजी बाहेरच्या खोलीच्या चुन्यात पुरचुंडी दोनदा बुचकळायची आणि स्वयंपाकाच्या खोलीच्या चुन्यात चारदा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "चुलीच्या धुराने ती भिंत पिवळी पडते, तिला जास्त लागते. बाहेर जास्त घातली तर रात्री दिव्यात भिंत आजारी दिसते." बाहेर तेव्हा पिवळा बल्ब असायचा. ओला चुना भिंतीवर काहीच दिसत नसे, काम फुकट गेलं असं वाटायचं, आणि सुकत आला की पांढरा फुलून यायचा. सकाळी त्या खोलीत डोळे उघडले की वेगळ्याच घरात आल्यासारखं वाटायचं.

पुढे डिस्टेंपर आला, गट्टू नावाच्या खट्याळ पोराचं चित्र असलेले डबे आले. ते चित्र १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेलं. आमच्या मजल्यावर मग प्रत्येक बिऱ्हाडाचा रंग वेगळा, कोणाचा पिस्ता, कोणाचा आकाशी, कोणाचा गुलाबी. दारं सताड उघडी असायची, त्यामुळे गॅलरीतून चालताना जमिनीवर प्रत्येक दारापुढे वेगळ्या रंगाचा उजेड पडलेला असायचा.

माझा एक प्रश्न. ती खोली अजून आमच्याकडे आहे. दारं-खिडक्यांना ऑइलपेंटचे पाच-सहा थर चढलेत. मुलगा म्हणतो घासून घेऊ. घासावेत का?

---

ब्रश_रोलर | १८ जून, २१:१५

काका, सुके घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा आपल्याकडे ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ठरली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे त्या दारांवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. पॉलिश पेपर ओला करून घासा, मशीन लावू नका, मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत घरात नकोत, आणि निघालेली घाण ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाका, झाडूने उडवू नका. थर घट्ट असेल तर तो तसाच ठेवून वरून रंग देणं जास्त बरं.

अबोलीताई, मी लालबागला रंगकामाची कंत्राटं घेतो, वडिलांचाही हाच धंदा. खिडकीकाठी मॅडमनी रंगाचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो, कारण भिंत चुकली तर रंग कुठलाही असो, पोपडेच येणार.

तुमची इमारत नवी आहे, तिने अजून एकही पावसाळा बघितलेला नाही. यंदा काहीही लावू नका. पश्चिमेच्या आणि खिडक्यांच्या भिंतींवर कुठे ओल येते, कुठे लोणा (भिंतीतून फुटणारा पांढरा खार) लागतो, ते चार महिन्यांत भिंत स्वतः दाखवेल. दाखवलं की पेन्सिलीने त्याभोवती गोल काढून तारीख लिहा. पाऊस गेल्यावर प्लास्टिकचा दीड फुटी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. कोरडं निघालं की काम सुरू. बिल्डरचा भुकटी सुटणारा डिस्टेंपर मात्र पूर्ण खरवडायला लावा. रंगारी म्हणेल वरून प्रायमर मारला की झालं. तसं नसतं. भुकटीवर प्रायमर धरत नाही, वर्षभरात साल निघते.

रंगाबद्दल दोनच गोष्टी. गडद पिवळा, केशरी, लाल यांना झाकण्याची ताकद कमी असते. ज्या पांढऱ्या द्रव्यामुळे रंग झाकतो ते टायटॅनियम डायऑक्साइड त्यांच्या बेसमध्ये नसतं किंवा नावाला असतं. दोन हातांच्या जागी चार हात द्यावे लागतात आणि मग हिशेब कोलमडतो. आणि चकचकीत फिनिश घेऊ नका. नव्या इमारतीत भिंती सरळ दिसतात, पण खिडकीचा उजेड आडवा पडला की प्रत्येक लाट दिसते. मॅट किंवा अगदी हलकी चमक, बस.

---

अबोली | २१ जून, २३:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुगभाटकाका, आजींची पुरचुंडी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आमच्याकडे तीनदा." मग बराच वेळ पार्ल्याच्या जुन्या घराबद्दल बोलत राहिली.

दिव्यांची खोकी बघितली. सगळे ६५०० के. ३००० चे दोन बल्ब आणून हॉलमध्ये लावले आणि सायीचं कार्ड धरलं. मळकटपणा गेला! बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "हा रंग कालचा नाही." कालचाच होता.

पण खरी गोष्ट पुढे आहे. काल दुपारी खिडकीत उभी राहिले. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गळतीसाठी ताडपत्री अंथरलीय, निळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसाचं पाणी साचून ती चमकत होती. मधेच ढग फाटले, पाचेक मिनिटं लख्ख ऊन पडलं आणि मी मागे वळून बघितलं तर आमच्या हॉलचं छत निळं झालेलं. बिल्डरचं पांढरं छत! आईला हाक मारून दाखवलं. पाणी हललं की छतावर निळ्या लाटाही हलत होत्या.

म्हणजे गेले तीन आठवडे मी रंग बघतेय तो या ताडपत्रीच्या उजेडात. चांदण्याचं कार्ड एवढं गार का वाटत होतं ते कळलं.

---

खिडकीकाठी | २२ जून, ०८:३०

अबोली, हे वाचून फार आनंद झाला. इतक्या वर्षांत ताडपत्रीने दिलेला रंग मीही पकडला नव्हता. ती जूनमध्ये अंथरतात आणि दिवाळीच्या सुमारास काढतात. ती काढली की खालून येणारा उजेड सिमेंटच्या रंगाचा, म्हणजे किंचित पिवळट राखाडी. तुमचं छत वर्षातले चार-पाच महिने निळं आणि बाकी महिने मातकट पांढरं राहणार. म्हणून भिंतीचा रंग असा घ्या जो दोन्हीत तग धरेल. अगदी पिवळा क्रीम नको, अगदी निळा पांढराही नको. सायीचा घ्या, पण त्यात किंचित राखाडी असलेला. शेडकार्डवर तो शेजारच्याच ओळीत सापडेल. कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या साइटवर एलआरव्ही हा आकडा असतो, रंग किती उजेड परतवतो त्याचा. काळा शून्याजवळ, उत्तम पांढरा ८५ च्या पुढे. वडीलधाऱ्यांच्या हॉलला ७० च्या खाली जाऊ नका.

---

शिवडी_कोळीवाडा | २२ जून, १०:५५

शेजारची तीन मजली जुनी इमारत म्हणजे तीही आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाणार. मग काही वर्षं हिरवी जाळी आणि त्यानंतर बावीस मजले. आमच्या खिडकीसमोर जाळी लागली तेव्हा घरातल्या भाताला पण हिरवी झाक येत होती. तेव्हा फार बारीक जुळवाजुळव करू नका, मधला रंग घ्या.

---

अबोली | २६ जून, २१:२०

खिडकीकाठीताई, अजून एक शंका. मी दोन्ही कार्डं कोऱ्या ए-फोर कागदाशेजारी धरली, म्हणजे झाक कळेल. तर दोन्ही पिवळी दिसली, चांदण्याचंसुद्धा.

---

खिडकीकाठी | २६ जून, २२:००

कागद फसवतो. छपाईच्या कागदात चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात, ती उन्हातले अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. कपड्यांच्या पावडरीतही तेच असतं. त्यामुळे कागद हा पांढऱ्यापेक्षा निळा पांढरा. काकांच्या आजींची नीळच ती, फक्त कारखान्यातली. पांढऱ्यांची झाक कळायला पाच-सहा पांढरी कार्डं एकत्र मांडा. गुलाबी कुठला, हिरवट कुठला, पिवळा कुठला, लगेच वेगळे पडतात.

आणि आता कार्डं पुरे. सॅम्पलचा लहान डबा आणा. हार्डबोर्डचे दोन फुटी तुकडे कापून घ्या, प्रत्येकाला दोन हात द्या, पूर्ण सुकू द्या. भिंतीवर थेट पट्टे मारू नका, आजूबाजूचा बिल्डरचा पांढरा त्यांना बिघडवतो. तुकडे उभे धरून बघायचे, आडवे नाही, कारण आडव्यावर छताचा उजेड पडतो. बाबांच्या खुर्चीमागे एक दिवस, शोकेसशेजारी एक दिवस. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री दिव्यात. आणि जो आवडेल त्याहून एक पायरी फिका घ्या. चार भिंती एकमेकींचा रंग वाढवतात, गोरेगावकरणींनी लिहिलंय तेच.

---

हौशी_सुतार | २७ जून, ०९:४०

टीव्हीमागची एक भिंत मरून करा ना, हॉल उठून दिसेल.

---

खिडकीकाठी | २७ जून, ११:१०

या घराला नको. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला तांबडे रंग आधी काळवंडलेले दिसतात आणि निळे-हिरवे जास्त वेळ टिकतात. पर्किंजे या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं. रात्री मंद दिव्यात मरून भिंत म्हणजे काळं भोक. ज्या घरात ७९ वर्षांचं माणूस रात्री दोनदा उठतं, तिथे तिची जागा नाही.

---

अबोली | २ जुलै, २२:४५

चार तुकडे रंगवले. 'क' म्हणजे राखाडीकडे झुकणारी साय. मला तो आवडलाय. पण घरात तिढा पडलाय. आई म्हणते 'क' पांढराच आहे, यात साय कुठे आहे? बाबा म्हणतात पिवळा आहे, चांगला आहे, हाच हवा होता. काल दोघांचा यावर आवाज चढला. बावन्न वर्षांच्या संसारात एकमेकांच्या रंगाबद्दल ते पहिल्यांदाच भांडत असतील. समोर एकच तुकडा, दोघंही खरं बोलतायत. मी काय करू?

---

चष्मा | ३ जुलै, ०७:३०

अबोलीताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणं हे माझं काम. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? आणि बाबांचं?

---

अबोली | ३ जुलै, ०८:०५

आईच्या उजव्या डोळ्याचं गेल्या वर्षी झालं. डावा अजून पिकलेला नाही, म्हणून ठेवलाय. बाबांचं एकाही डोळ्याचं नाही.

---

चष्मा | ३ जुलै, १३:२०

मग भांडण मिटलं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट, पुढे तपकिरी होत जातं. ते निळा उजेड अडवतं. माणसाला ते कळत नाही, कारण बदल वर्षानुवर्षं हळूहळू होतो आणि मेंदू सावरून घेतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून नवं बसवलं की निळा एकदम आत येतो. अनेक जण दुसऱ्या दिवशी विचारतात, डॉक्टर, सगळं निळं का दिसतंय? चित्रकार मोने याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्याचाही रंगांशी असाच झगडा झाला. बसवलेलं भिंग कुठल्या प्रकारचं आहे त्यावरही फरक पडतो, काही भिंगांना मुद्दाम हलकी पिवळी झाक दिलेली असते.

बाबा सगळं पिवळ्या काचेतून बघतायत. आई उजव्या डोळ्याने नव्या काचेतून, डाव्याने जुन्या. त्यांना एक-एक डोळा झाकून तोच तुकडा बघायला सांगा.

एक विनंती. वय वाढलं की डोळ्याला उजेड जास्त लागतो आणि कडा लवकर हरवतात. भिंत, दाराची चौकट आणि स्विचबोर्ड एकाच फिक्या रंगाचे करू नका. चौकट गडद ठेवा, बटणं भिंतीपासून वेगळी दिसू द्या.

---

अबोली | ५ जुलै, २०:१०

आज सकाळी केलं. आई आरामखुर्चीत बसली, मी 'क' तुकडा समोर धरला. तिने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "पांढरा. रांगोळीसारखा." मग हात बदलला. थोडा वेळ काही बोललीच नाही. पुन्हा हात बदलला, पुन्हा बदलला. मग म्हणाली, "अगं, या डोळ्याला साय आहे."

बाबा शेजारी उभे होते. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला असं दिसतं होय इतके दिवस?" आणि मग तिने डावा डोळा उघडा, उजवा झाकलेला ठेवून सगळा हॉल हळूहळू फिरून बघितला. शोकेस, खिडकी, बाबांचा सदरा. सदऱ्याला म्हणाली, "हा पिवळा पडलाय असं तुम्ही म्हणता, ते बरोबर आहे की."

चष्मा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

---

मुगभाट | ५ जुलै, २०:५५

वाचून डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

---

गोरेगावकरीण | ६ जुलै, ०९:००

मी घरी सासूबाईंवर हाच प्रयोग केला. तोच निकाल. गेली दोन वर्षं त्या म्हणत होत्या की दूध निळं दिसतं, आणि आम्ही दूधवाला बदलला होता.

---

अबोली | ३ सप्टेंबर, २१:३०

धागा वर काढतेय. ब्रश_रोलर, तुमचं ऐकलं ते किती बरं झालं. २८ जुलैच्या पावसानंतर बेडरूमच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात हाताएवढी ओल आली, ऑगस्टमध्ये तिथे लोणा. पेन्सिलीने गोल काढून तारखा लिहिल्यात, तीन गोल झालेत, एकात एक. बिल्डरच्या माणसाला फोटोसकट दाखवल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही. बाहेरून खिडकीच्या चौकटीची फट भरून देणार आहेत. जूनमध्ये रंग दिला असता तर सगळा वाया गेला असता.

---

ब्रश_रोलर | ४ सप्टेंबर, २२:१०

फट भरल्यावर लगेच आतून रंग नको. ऑक्टोबरचं ऊन पंधरा दिवस लागू दे, मग प्लास्टिक लावून बघा. लोणा ब्रशने सुका झाडा, पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात. हॉलचा आकार सांगा, डबे किती ते सांगतो.

---

अबोली | ४ सप्टेंबर, २२:३०

१६ बाय १०, उंची साडेनऊ.

---

ब्रश_रोलर | ५ सप्टेंबर, ०७:१५

भिंती साधारण ४९० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता ४२० धरा. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला ११० ते १४० चौरस फूट जातं. चार लिटर आणा, एकाच वेळी, एकाच मशीनवर मिसळलेला. वेगवेगळे डबे आले तर मोठ्या बादलीत सगळे एकत्र ओतून मगच सुरू करायचं, नाहीतर कोपऱ्यात फरक दिसतो. छताचा पांढरा वेगळा.

---

अबोली | २० नोव्हेंबर, २१:४०

काम दिवाळीच्या आठ दिवस आधी संपलं. गडबडीत लिहायचं राहिलं होतं.

हॉलला 'क', एक पायरी फिका, मॅट. छत साधं पांढरं. चौकटी सागवानी पॉलिशच्या ठेवल्या आणि स्विचबोर्डांच्या भोवती दोन बोटं रुंदीची तपकिरी पट्टी मारून घेतली. बाबांना आता रात्री चाचपडावं लागत नाही. दिवे ४००० चे लावले, कारण ३००० मध्ये आईला वाचताना पिवळं वाटत होतं. बाबांच्या खुर्चीपाशी मात्र वेगळा पिवळा दिवा. बेडरूमला आईचा पिस्ता, राखाडी मिसळलेला. संध्याकाळी पाच वाजता त्या भिंतीवर ऊन येतं तेव्हा ती कोवळ्या कैरीच्या आतल्या गरासारखी दिसते. आई रोज त्या वेळी तिथे चहा घेऊन बसते. कोपऱ्यातली ओल परत आलेली नाही.

शेजारच्या गच्चीवरची ताडपत्री गेल्या रविवारी काढली. सकाळी बाबा म्हणाले, "आज घर वेगळं दिसतंय." आईने दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाली, नाही, तेच आहे. तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय, बाबांचंही त्यानंतर.

---

नवीन_सभासद_ठाकुर्ली | २१ नोव्हेंबर, १०:२०

फार सुंदर! 'क' चा शेड नंबर द्याल का?

---

अबोली | २१ नोव्हेंबर, १३:००

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पण तुमच्या खिडकीत तुकडा उभा धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

---

ब्रश_रोलर | २१ नोव्हेंबर, २१:५०

उरलेला रंग फेकला नाहीत ना? झाकण घट्ट लावून, डबा कोरड्या जागी ठेवा. खिळा काढला, पोपडा निघाला, तर तेवढ्यालाच लागतो.

---

अबोली | २१ नोव्हेंबर, २२:१५

अर्धा लिटर उरला. माळ्यावर ठेवलाय. मी झाकणावर नंबर आणि तारीख लिहिली होती, आईने त्याखाली मार्करने लिहिलंय: 'हॉल. साय. (यांच्या डोळ्याने.)'